पाठ नसलेले फोटो

घरात कुणाचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं की महिनाभर आधीपासून एक शोध सुरू होतो. एक्याऐंशी वर्षांचं आयुष्य कार्यक्रमाच्या दिवशी दहा मिनिटांत पडद्यावर दाखवायचं असतं. नातवंडं घरच्या ग्रुपवर विचारतात, ‘आजीचे जुने फोटो कुणाकडे आहेत?’ उत्तरं येतात, ‘आहेत ना, शोधून पाठवतो.’ आणि फोटो खरोखरच असतात. कुणाच्या फोनमध्ये, कुणाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये, मामांच्या पेन ड्राइव्हवर, आत्याच्या लग्नाच्या सीडीवर, असे हजारोंनी पडलेले असतात. तरी हवा तो एक वेळेला सापडत नाही. सापडलाच तर ‘आजीच्या शेजारी बसलेल्या या बाई कोण?’ याचं उत्तर खोलीतल्या कुणालाच देता येत नाही.

कागदी फोटो उलटा केला की पाठीवर काहीतरी मिळायचं. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, ‘डावीकडून’ असं म्हणून दिलेली चार नावं. डिजिटल फोटोला पाठ नाही असं वाटतं, पण ती असते. फोटोच्या फाइलमध्येच चित्राबरोबर मजकूर साठवायची जागा ठेवलेली असते. त्या जागेत काही गोष्टी यंत्र आपणहून लिहितं, काहींचा अंदाज यंत्राला नंतर बांधता येतो, आणि काही गोष्टी घरातल्या माणसाने सांगितल्याशिवाय जगातल्या कोणत्याही यंत्राला कळणार नाहीत. फोटोंचा ढीग लावायला बसण्याआधी हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले, तर निम्मं काम सोपं होतं.

फोन काय लिहून ठेवतो

आपण बटण दाबतो तेव्हा फोन चित्र साठवतो आणि त्याच फाइलच्या सुरुवातीला एक छोटी नोंद करतो. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजून किती सेकंदांनी काढला, फोनचं मॉडेल कोणतं, प्रकाश आत यायला किती वेळ दिला, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. या नोंदीच्या ठरलेल्या साच्याला ‘एक्झिफ’ म्हणतात. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने तो १९९५ मध्ये ठरवला आणि पुढे सगळ्या कॅमेरा कंपन्यांनी स्वीकारला. विंडोजच्या संगणकावर फाइलवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि मग ‘डिटेल्स’ उघडलं की ही नोंद वाचता येते. बहुतेक फोनांवर फोटो वर सरकवला की दिसते.

इथेच पहिला मोठा घोटाळा होतो. एका फोटोला एक नव्हे, तीन तारखा असू शकतात. एक्झिफमधली तारीख फोटो काढल्याची. संगणक फाइलला लावतो ती दुसरी, म्हणजे फाइल त्या संगणकावर तयार झाल्याची किंवा शेवटची बदलल्याची. तिसरी फाइलच्या नावात असते. जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर फोटो उतरवले की दुसऱ्या प्रकारची तारीख अनेकदा आजची होऊन बसते. मग फोल्डर तारखेप्रमाणे लावला की मुलाची मुंज आधी आणि बारसं नंतर येतं. आपल्याला वाटतं तारखा गेल्या. त्या गेलेल्या नसतात, आपण चुकीचा रकाना वाचत असतो. फोटो लावताना ‘डेट टेकन’ हा रकाना निवडायचा.

फाइलच्या नावावरही फार विसंबू नये. डिजिटल कॅमेरे फोटोंना चार आकडी क्रमांक देतात आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून मोजतात. त्यामुळे दोन वेगळ्या वर्षांतल्या दोन वेगळ्या फोटोंचं नाव अगदी एकच असू शकतं. दोन फोल्डर एकत्र करताना संगणक ‘जुनी फाइल बदलू का?’ असं विचारतो, तेव्हा ‘हो’ म्हणायच्या आधी थांबावं ते यासाठी.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचं काय

आज घरातले निम्मे फोटो दुसऱ्याच कुणी काढलेले असतात आणि आपल्याकडे ते व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात. पाठवताना हे अ‍ॅप दोन गोष्टी करतं. चित्र लहान करतं, म्हणजे पटकन जावं आणि डेटा कमी लागावा. आणि एक्झिफची नोंद गाळून टाकतं. नोंद गाळण्यात एक भलंही आहे, कारण तिच्यातल्या अक्षांश-रेखांशांवरून अनोळखी माणसाला आपलं घर सापडू शकतं. पण आपल्या संग्रहाच्या दृष्टीने हा फोटो कोऱ्या पाठीचा असतो.

अँड्रॉइडवर अशा फोटोच्या फाइलनावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरं आणि एक तारीख दिसते. ती तारीख फोटो आपल्यापर्यंत पोचल्याची असते, काढल्याची नव्हे. आत्याने १९९२ सालच्या सहलीचा फोटो मागच्या दिवाळीत पाठवला असेल तर फाइल मागच्या दिवाळीचीच तारीख सांगणार, आणि ती वाचून तारखा भरणारं एखादं सॉफ्टवेअर तीच खरी धरून चालणार.

उपाय सोपा आहे आणि घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून ठेवावा असा आहे. महत्त्वाचे फोटो ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचे. तसं केलं की मूळ फाइल जशीच्या तशी, नोंदीसकट येते. लग्नकार्यानंतर सगळ्यांचे फोटो गोळा करताना तर सामाईक अल्बमची लिंक किंवा पेन ड्राइव्ह हाच मार्ग धरावा.

घड्याळं जुळवणं

एक्झिफची तारीख विश्वासाची खरी, पण ती कॅमेऱ्याच्या घड्याळाइतकीच. फोन आपली वेळ नेटवर्कवरून घेतो, म्हणून तो सहसा चुकत नाही. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याची आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं आणि कोकणातल्या सहलीचे सगळे फोटो १ जानेवारीचे होतात. दुसरी अडचण परदेशी राहणाऱ्या घरच्यांची. इथल्या वेळेवर लावलेला कॅमेरा घेऊन मुलीकडे न्यू जर्सीला गेलं आणि घड्याळ बदललं नाही, तर उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. तिथल्या दुपारच्या जेवणाचे फोटो रात्री साडेदहाचे दिसतात. संध्याकाळचे तर दुसऱ्या दिवसात जाऊन पडतात.

अशी चूक एकेका फोटोत दुरुस्त करायची गरज नसते, कारण चूक सगळ्या फोटोंत सारखीच असते. दोन कॅमेऱ्यांनी एकच क्षण टिपलेला शोधायचा. लग्नात अंतरपाट दूर होतानाचा क्षण यासाठी फार चांगला, तो सगळ्यांनीच काढलेला असतो. फोनवरच्या फोटोची वेळ १२:३१ आणि कॅमेऱ्यावरच्या फोटोची ११:५८ असेल, तर कॅमेरा ३३ मिनिटं मागे आहे. मग कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंना एकदम ३३ मिनिटं पुढे ढकलायचं. डिजिकॅम या मोफत प्रोग्रॅममध्ये अशी सोय आहे. ज्यांना आज्ञा टाइप करून काम करायची सवय आहे त्यांच्यासाठी फिल हार्वी यांचं एक्झिफटूल आहे. हजार फोटोंची वेळ ते एका ओळीत दुरुस्त करतं.

एकाच फोटोच्या पाच प्रती

एकच फोटो फोनमध्ये, लॅपटॉपवर, क्लाउडवर आणि दोन ग्रुपमधून परत आलेला, असा पाच ठिकाणी असतो. या प्रती शोधायच्या दोन रीती आहेत आणि त्यातला फरक माहीत असायला हवा.

पहिल्या रीतीत संगणक फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणित करून एक छोटी खूण काढतो. तिला ‘हॅश’ म्हणतात. दोन फाइलींची खूण तंतोतंत जुळली तर त्या एकच आहेत असं धरायला हरकत नाही. पण फाइलीत एका ठिपक्याचा जरी फरक पडला तरी खूण पूर्ण बदलते. म्हणून मूळ फोटो आणि त्याचीच व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली लहान प्रत या रीतीने कधीच जुळणार नाहीत.

दुसरी रीत चित्राकडे पाहते. फोटो इतका लहान केला जातो की रुंदीला ९ आणि उंचीला ८ चौकटी उरतात. रंग काढून टाकून फक्त उजेड-अंधार ठेवला जातो. मग प्रत्येक ओळीत प्रत्येक चौकटीला एकच प्रश्न विचारला जातो: ‘तू उजवीकडच्या चौकटीपेक्षा उजळ आहेस का?’ एका ओळीत आठ उत्तरं, आठ ओळींची चौसष्ट. मूळ फोटो आणि त्याची लहान केलेली प्रत यांची ही चौसष्ट हो-नाही उत्तरं जवळजवळ सारखी येतात, कारण फोटो लहान केला तरी आजोबांचा पांढरा सदरा आणि मागचं काळं दार जागच्या जागीच असतं.

प्रती सापडल्या की कुठली ठेवायची? जिचे ठिपके जास्त आणि जिच्यात एक्झिफ शाबूत आहे ती. पण दुसऱ्या रीतीने जुळवलेले फोटो यंत्राला आपोआप पुसू देऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं. घरच्या ग्रुप फोटोचे लागोपाठ काढलेले पाच फोटो यंत्राला एकच वाटतात, आणि त्यातल्या एकाच फोटोत आजोबांचे डोळे उघडे असतात. तो कुठला, हे माणसानेच पाहायचं.

चेहरा ओळखतो म्हणजे नक्की काय करतो

फोनला चेहरे ‘ओळखता’ येतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. तो प्रत्यक्षात काय करतो ते कळलं की त्याच्या चुकाही समजतात. आधी चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधलं जातं. मग तो सरळ केला जातो, म्हणजे दोन्ही डोळे ठरलेल्या जागी येतील. त्यानंतर त्या चेहऱ्याचं आकड्यांच्या एका यादीत रूपांतर होतं. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘फेसनेट’ या पद्धतीत ही यादी १२८ आकड्यांची होती. हे आकडे म्हणजे नाकाची लांबी किंवा कपाळाची रुंदी नव्हेत. असंख्य चेहरे दाखवून यंत्राकडून असा सराव करून घेतलेला असतो की एकाच माणसाच्या दोन फोटोंचे आकडे जवळजवळ यावेत आणि वेगळ्या माणसांचे लांब पडावेत. जवळजवळ पडलेल्या चेहऱ्यांचा गट केला जातो आणि आपल्याला विचारलं जातं, ‘हे कोण?’

म्हणजे यंत्र फक्त गट पाडतं, नाव आपण देतो. आणि गट पाडताना ते जिथे चुकतं त्या जागा कुटुंबाच्या फोटोंत हमखास येतात. सख्ख्या बहिणी एका गटात जातात. पंचविशीतली आई आणि पंचविशीतली मुलगी यांना यंत्र एकच समजतं. तान्ह्या बाळांचे चेहरे तर त्याला फार सारखे वाटतात. मुंडावळ्यांआडचा नवरदेव, पदर पुढे ओढून वाकलेली आजी, पंगतीत बाजूने दिसणारी माणसं यांची ओळख निसटते. उलट एकाच मुलाचे दोन वर्षांचा असतानाचे आणि बारा वर्षांचा असतानाचे फोटो दोन वेगळ्या माणसांचे म्हणून पुढे येतात. अशा वेळी मधल्या वयांचे, चौथ्या, सहाव्या, आठव्या वर्षीचे फोटो हाताने त्या नावाखाली घालावेत. दोन टोकांमधलं अंतर भरत गेलं की यंत्रालाही तो मुलगा एकच आहे हे जुळवता येतं.

एक पुस्तक, अनेक कार्डं

आता लावण्याचा प्रश्न. बहुतेक जण फोल्डर करून सुरुवात करतात: ‘लग्न’, ‘सहली’, ‘आई’, ‘गाव’. थोड्याच वेळात पहिला पेच येतो. गावी झालेल्या मावशीच्या लग्नात आईचा काढलेला फोटो कुठे ठेवायचा? चारही ठिकाणी प्रती केल्या तर पसारा चौपट होतो.

हा पेच ग्रंथालयांना फार आधी पडला होता. पुस्तक कपाटात एकाच जागी उभं राहतं, पण वाचक ते लेखकाच्या नावाने मागतो, शीर्षकाने मागतो किंवा विषयाने. म्हणून पुस्तक एक आणि त्याची कार्डं अनेक, अशी व्यवस्था झाली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शियाळी रामामृत रंगनाथन त्याच्याही पुढे गेले. विषय म्हणजे एका झाडाची एकच फांदी नव्हे, त्याला अनेक बाजू असतात, हे त्यांनी ओळखलं आणि १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणाच्या बुडाशी तोच विचार ठेवला. पुढे त्यांनी या बाजू पाच मूळ गटांत बसवल्या: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. आज ऑनलाइन दुकानात आपण रंग, माप आणि किंमत अशा वेगवेगळ्या रकान्यांवर टिक करून वस्तू शोधतो, त्यामागेही हाच विचार आहे.

फोटोंना हा विचार फार नेमका लागू पडतो. फोल्डर म्हणजे कपाटातली जागा, ती एकच असते. टॅग म्हणजे कार्डं, ती हवी तितकी करता येतात. जागा ठरवायला काळाइतकी सोयीची गोष्ट नाही, कारण तारीख प्रत्येक फोटोला असते आणि तिच्यावरून वाद होत नाही. म्हणून फोल्डरचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग असं द्यावं: ‘२०२४-०९-०७ गणपती चिपळूण’. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांतल्या सगळ्या महिन्यांच्या ७ तारखा एकत्र येतील, कारण संगणक नाव डावीकडून एकेक अक्षर वाचत लावतो. आकडे देवनागरी किंवा इंग्रजी कुठलेही चालतील, पण एकच पद्धत ठेवावी. दोन्ही मिसळले की यादीचे दोन तुकडे पडतात.

बाकीच्या बाजू टॅगमध्ये. कोण, कुठे, कोणता प्रसंग. ‘तारीख आहे, मग प्रसंगाचा टॅग कशाला?’ असं कुणी विचारेल. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. आपलं घर तिथीने चालतं आणि फोन तारखेने. गेल्या दहा वर्षांतले गणपती एका ओळीत पाहायचे असतील तर तारखेने शोधून कधीच हाती लागणार नाहीत, ‘गणपती’ या टॅगने एका क्षणात लागतील. मूर्ती कशी बदलत गेली, आरतीला उभी राहणारी मुलं कशी उंच होत गेली, हे तेव्हाच दिसतं.

टॅग किती करावेत? ज्या शब्दाने कुणीतरी कधीतरी शोधणार आहे तेवढेच. ‘समुद्र’, ‘फुलं’, ‘केक’ हे यंत्राला चित्रावरूनच सापडतं, त्यावर आपला वेळ घालवू नये.

चौकट: महत्त्वाच्या फोटोवर निदान एवढं असावं

• माणसांची पूर्ण नावं, आणि घरात हाक मारायचं नाव
• गाव आणि तालुका
• प्रसंग
• तारीख, आणि ती नक्की आहे की अंदाजे
• ग्रुप फोटो असेल तर ‘उभे, डावीकडून’ आणि ‘बसलेले, डावीकडून’ असा क्रम
• ही माहिती कुणी सांगितली

‘आजी’ हा टॅग कुणाच्या आजीचा?

या भागावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण बहुतेक घरांत संग्रह इथेच बिघडतो. आपण सहज ‘आजी’, ‘मामा’, ‘मोठी काकू’ असे टॅग देतो. नातं हे बोलणाऱ्यावर अवलंबून असतं. माझा मामा हा माझ्या आईचा भाऊ, माझ्या मामेबहिणीचा बाप आणि माझ्या वडिलांचा मेहुणा. चार चुलत-मावस भावंडांनी आपापले फोटो एकत्र केले की ‘आजी’ या एकाच टॅगखाली चार वेगळ्या बायका येतात. आणि पुढच्या पिढीत तर आजची ‘आई’च ‘आजी’ झालेली असते. म्हणून टॅगमध्ये नेहमी नाव घालावं. नातं कॅप्शनमध्ये, कुणाचं कोण ते सांगून लिहावं.

नावांचीही आपली वळणं आहेत. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आणि कितीतरी घरांत नवरदेवाने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की पहिलं नावसुद्धा. माहेरच्या अल्बममधली कुसुम आणि सासरच्या अल्बममधली सुनंदा ही एकच व्यक्ती आहे हे पन्नास वर्षांनी सांगणार कोण? यंत्र कदाचित चेहऱ्यावरून दोघी एक म्हणेल, पण नाव नसलेल्या लहानपणच्या फोटोपुढे तेही थांबतं. अशा वेळी एकच टॅग करावा आणि त्यात दोन्ही नावं ठेवावीत: ‘सुनंदा, माहेरची कुसुम’. आडनावंही दोन्ही. बाईचं माहेरचं आयुष्य संग्रहातून पुसलं जाऊ नये, याची काळजी एवढ्या छोट्या गोष्टीने घेता येते. आजोबांचंच नाव नातवाला ठेवलं असेल तर नावापुढे जन्माचं साल लिहावं. आणि ‘आक्का’, ‘नाना’, ‘बायो’ ही हाकेची नावं जरूर नोंदवावीत, कारण घरातली मोठी माणसं त्याच नावांनी शोधणार.

शुद्धलेखनाची एक अडचण खास आपली. ‘श्रद्धा’ आणि ‘श्रध्दा’ यांतला फरक डोळ्याला पटकन जाणवत नाही. एकात ‘द’ला ‘ध’ जोडला आहे, दुसऱ्यात ‘ध’ला ‘द’. संगणकाला मात्र हे दोन पूर्ण वेगळे शब्द आहेत. काकाने एक लिहिलं आणि पुतण्याने दुसरं, तर एकाच मुलीचे फोटो दोन टॅगांत वाटले जातात आणि शोधताना अर्धेच येतात. सिद्धी, समृद्धी, बुद्ध पौर्णिमा या सगळ्यांत हेच होतं. पंढरपूर-पंढरपुर हाही त्यातलाच प्रकार. टॅग दर वेळी नव्याने टाइप न करता आधीच्या यादीतून निवडला की हा घोळ होत नाही. जुन्या काळी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाइप केलेले मथळे असतील तर ते आज रोमन अक्षरांची गिचमिड होऊन दिसतात. ते फेकू नयेत. तो फाँट लावून वाचता येतात, मग युनिकोडमध्ये पुन्हा लिहावेत.

आता सगळ्यात निकडीची गोष्ट. तारखा, ठिकाणं, प्रती यांचं काम पाच वर्षांनी केलं तरी चालेल. नावं सांगणारी माणसं पाच वर्षांनी असतीलच असं नाही. म्हणून कामाची सुरुवात नव्या फोटोंपासून न करता, ज्यांतली माणसं घरात एकदोघांनाच ओळखता येतात अशा फोटोंपासून करावी. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर फोटो लावून आजीजवळ बसावं, फोनवर आवाज रेकॉर्ड करावा, आणि एका बैठकीत थोडेच फोटो घ्यावेत. ‘हे कोण?’ याच्याबरोबर ‘हा ओटा कुणाच्या घरचा?’, ‘फोटो कुणी काढला?’ असंही विचारावं. नाव न आठवणाऱ्या माणसालाही घर आठवतं, आणि घरावरून नाव येतं.

शके १८८१, माघ

कागदी फोटो स्कॅन केल्यावर एक्झिफमध्ये तारीख बसते ती स्कॅन केल्याची. ती हाताने बदलावी लागते, आणि खरी तारीख शोधायला थोडं कोडं सोडवावं लागतं. स्कॅन करताना फोटोची पाठही स्कॅन करावी, कोरी वाटली तरी. चार बाय सहा इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर ३६०० गुणिले २४०० ठिपक्यांचं चित्र मिळतं, ते पुरेसं आहे. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या पेटी कॅमेऱ्यांच्या लहान चौकोनी प्रतींना १२०० ठेवावा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नयेत, पानच स्कॅन करावं.

समजा पाठीवर लिहिलंय, ‘चि. बाळचे बारसे, माघ शके १८८१’. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतं, १९५९. पण शके साल गुढीपाडव्याला बदलतं आणि इसवी सन जानेवारीत. माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, तेव्हा इसवी सन पुढे गेलेलं असतं. म्हणून इथे ७९ मिळवायचे, आणि हे बारसं १९६० च्या सुरुवातीचं ठरतं. तिथीही लिहिलेली असेल तर जुन्या पंचांगावरून नेमका दिवस निघतो.

पाठीवर तारीख लिहिलेली नसेल तर चित्रातली पार्श्वभूमी आणि इतर खुणा पाहाव्यात. भिंतीवर ‘कालनिर्णय’ दिसत असेल तर फोटो १९७३ च्या आधीचा नाही. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, लोक नंतरही वर्षानुवर्षं ‘पुणे ३०’ असंच लिहीत. स्कूटरच्या पाटीवर ‘एमएच-१२’ असेल तर फोटो पुण्याच्या गाडीचा आणि १९८९ मध्ये नवी पद्धत आल्यानंतरचा. अशा दोन-तीन खुणा आणि मुलांची वयं जुळवली की काळ बराच आवळून येतो.

एक्झिफच्या रकान्यात मात्र पूर्ण तारीख लागते, ‘१९७४ च्या सुमारास’ असं तिथे लिहिता येत नाही. अशा फोटोला १ जानेवारी १९७४ ही तारीख द्यावी आणि ‘तारीख अंदाजे’ हा टॅग आठवणीने लावावा. नाहीतर पुढे कुणीतरी तो नववर्षाच्या दिवशीचा फोटो समजेल.

अ‍ॅप बंद पडलं तर

गूगलने २००४ मध्ये पिकासा हा फोटो लावायचा प्रोग्रॅम विकत घेतला. २००९ मध्ये त्यात चेहरे ओळखायची सोय आली आणि लोकांनी संध्याकाळच्या संध्याकाळ बसून नावं दिली. २०१६ मध्ये पिकासा बंद झाला. फोटो कुठेच गेले नाहीत, पण ज्यांची नावं फक्त पिकासाच्या स्वतःच्या फाइलींत होती त्यांना ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये सहज नेता आली नाहीत.

म्हणून टॅग देण्याआधी एकच प्रश्न विचारावा: मी लिहिलेलं कुठे साठतंय? अ‍ॅपच्या यादीत, की फोटोच्या फाइलीत? फाइलीत मजकूर ठेवायचे मान्य साचे आहेत. वृत्तसंस्थांनी बातमीच्या फोटोंसाठी घडवलेला आयपीटीसी हा त्यातला जुना. अडोबीने २००१ मध्ये आणलेला एक्सएमपी हा नवा, २०१२ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि त्यात देवनागरी व्यवस्थित राहतं. गूगल फोटोज आणि अ‍ॅपलच्या फोटोज अ‍ॅपमध्ये दिलेली चेहऱ्यांची नावं मूळ फाइलीत लिहिली जात नाहीत. शोधायला ही अ‍ॅप उत्तम आहेत, ती जरूर वापरावीत. पण निवडक फोटोंची नावं आणि कॅप्शन डिजिकॅमसारख्या प्रोग्रॅमने, ‘फाइलीत लिहा’ ही सेटिंग चालू करून, फोटोत उतरवावीत.

आणि प्रती ठेवाव्यात. छायाचित्रकार पीटर क्रोह यांनी सांगितलेला ३-२-१ हा नियम घरालाही पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉपवर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे. फोनवरचा फोटो पुसल्यावर क्लाउडवरचाही पुसला जात असेल, तर त्या दोन मिळून एकच प्रत धरावी.

हे सगळं जमलंय का, ते पाहायची एक सोपी चाचणी आहे. नाव आणि कॅप्शन लिहिलेला एक फोटो पेन ड्राइव्हवर घ्या. जिथे तुमचं खातं नाही आणि तुमचा प्रोग्रॅमही नाही अशा दुसऱ्या संगणकावर तो उघडा आणि ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिटेल्स’ पाहा. नाव देवनागरीत नीट दिसलं तर पुढच्या शंभर फोटोंना हात घाला. दिसलं नाही, तर आधी सेटिंग दुरुस्त करा आणि मग आजीजवळ बसा.